आधी जमीन, मग घोडा

रेसकार्ड हातात आलं की बहुतेक लोक आधी घोड्यांची नावं वाचतात, मग जॉकी, मग भाव. मी आधी रात्रभरात पाऊस किती पडला ते बघते. त्या दिवशी कोण जिंकण्याची शक्यता आहे, याचा अर्धाअधिक निकाल त्या एका आकड्यात असतो, असं माझं इंग्लंडमधल्या अडथळ्यांच्या शर्यतींचा अभ्यास करताना पक्कं झालेलं मत आहे.

महालक्ष्मीला किंवा पुण्याला रेस पाहिलेल्या वाचकाला हे जरा चमत्कारिक वाटेल. आपल्याकडच्या शर्यती सपाटीवरच्या. इंडियन डर्बी 2400 मीटरची, अडीच मिनिटांच्या आसपास खेळ संपतो आणि शेवटच्या वळणानंतर ज्याच्या पायात वेग तो पुढे जातो. तिकडे इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमला मार्च महिन्यात जो चार दिवसांचा उत्सव होतो, त्याच्या शेवटच्या दिवशी, शुक्रवारी, गोल्ड कप पळवतात. अंतर सव्वातीन मैलांहून थोडं जास्त, म्हणजे 5.3 किलोमीटर, वाटेत 22 कुंपणं, बहुतेक किमान साडेचार फूट उंच, आणि शेवटी अंगावर येणारा चढ. इथे सगळ्यात वेगवान घोडा कोण, हा प्रश्न फारसा कामाचा नाही. दमल्यावरही नीट उडी कोण मारेल, हे शोधायचं असतं. आणि घोडा किती दमणार हे जमीन ठरवते.

जमिनीला तिथे ठरलेली नावं आहेत: हेवी, सॉफ्ट, गुड टू सॉफ्ट, गुड, गुड टू फर्म. मैदानाचा अधिकारी एक काठीसारखं उपकरण जमिनीत खुपसून, तिरकं करून, माती किती घट्ट धरून आहे ते मोजतो. आपल्याकडे पुण्याच्या पावसाळी मोसमात पेनेट्रोमीटरचा आकडा जाहीर करतात, त्याच जातीचं हे काम. पण जाहीर झालेल्या शब्दावर मी थांबत नाही. पहिली शर्यत संपली की तिला लागलेला वेळ त्या अंतराच्या प्रमाणवेळेशी ताडून बघते. कागदावर ‘गुड टू सॉफ्ट’ आणि घोडे मात्र दहा-बारा सेकंद उशिरा पोचताहेत, असं झालं, तर पुढच्या सगळ्या शर्यतींचा हिशेब पुन्हा मांडते. टापांखालून उडणारी ढेकळंही पाहावीत. ती मोठी आणि जड असतील तर पाय आत रुततोय.

जमिनीचं हे राज्य समजून घ्यायचं तर डेझर्ट ऑर्किडची दोन वर्षं शेजारी शेजारी ठेवावीत. हा पांढुरका घोडा इंग्रजांचा अत्यंत लाडका. उजवीकडे वळणाऱ्या केम्प्टनच्या मैदानावर त्याने किंग जॉर्ज शर्यत चारदा जिंकली. चेल्टनहॅम डावीकडे वळतं, आणि उडी मारताना हा उजवीकडे झुकायचा, म्हणून जाणकारांना शंका. 1989च्या गोल्ड कपच्या दिवशी बर्फ आणि पाऊस पडून मैदानाचा चिखल झाला. शेवटच्या चढावर चिखलातच खुलणारा याहू त्याच्या पुढे होता, तरी डेझर्ट ऑर्किडने त्याला दीड लेंथने, म्हणजे घोड्याच्या दीड लांबीने, मागे टाकलं. पुढच्या वर्षी जमीन कोरडी आणि जलद होती. डेझर्ट ऑर्किड फेव्हरिट होता आणि तिसरा आला. जिंकला नॉर्टन्स कॉइन, भाव एकास शंभर. त्याचे ट्रेनर सिरेल ग्रिफिथ्स वेल्समधले दुधाचा धंदा करणारे शेतकरी. असा निकाल आधी सांगता येतो, असा दावा मी कधीच करणार नाही. पण चिखलातल्या पराक्रमावरून कोरड्या जमिनीवरचा भाव ठरवणं किती धोक्याचं, हे मला या जोडीइतकं स्पष्ट कुठेच दिसलं नाही.

जमिनीनंतर मैदानाचा आकार. उडी मारताना वळणाच्या उलट्या बाजूला सरकणाऱ्या घोड्याची प्रत्येक कुंपणाला थोडी थोडी जमीन वाया जाते. केम्प्टन, सँडाउन, अॅस्कॉट उजवीकडे वळतात; चेल्टनहॅम, एन्ट्री, न्यूबरी डावीकडे. सँडाउनला रेल्वेमार्गाच्या बाजूने तीन कुंपणं इतकी लागोपाठ येतात, की पहिल्यावर अंदाज चुकला तर सावरायला वेळच नाही. तिथे मी आधी जुन्या शर्यतींचं चित्रण लावून घोड्याची उडी बघते, वेग नंतर. चेल्टनहॅममध्येही दोन वेगळे मार्ग आहेत. शुक्रवारी वापरतात त्या न्यू कोर्सवर हर्डलच्या, म्हणजे कमी उंचीच्या अडथळ्यांच्या, शर्यतीत शेवटच्या किलोमीटरभराहून जास्त अंतरात फक्त दोन अडथळे लागतात. उडीत चपळ पण दमात कमी असा घोडा तिथे उघडा पडतो. म्हणून दोन मैलांच्या शर्यतीतही, अडीच मैल टिकल्याचा पुरावा असलेला घोडा मला जवळचा वाटतो.

आता घोड्याच्या नावापुढची ती गूढ दिसणारी ओळ. समजा, कार्डावर 2F1-P13 असं आहे. डावीकडे जुनं, उजवीकडे ताजं. मधली रेघ म्हणजे मोसम बदलला. आकडा म्हणजे आलेला क्रमांक, F म्हणजे घोडा पडला, P म्हणजे जॉकीने मध्येच थांबवला. U असेल तर स्वार खाली आला, घोडा उभाच होता. हौशी माणूस F बघून दचकतो. मी विचारते, कुठे पडला? पहिल्याच कुंपणाला पडला असेल तर त्याच्या ताकदीबद्दल काहीच कळत नाही. शेवटून दुसऱ्या कुंपणाला, आघाडीवर आणि अजून दमात असताना पडला असेल, तर तो पराभव बहुतेक विजयाइतकाच मोलाचा. तिथेच थकून, पाय ओढत पडला असेल तर अर्थ उलटा. आणि पडल्यानंतरच्या शर्यतीत तो कुंपणापाशी बिचकला का, हेही बघावंच लागतं. घोडा विसरत नाही. P बद्दल मला आदर आहे. दमलेल्या जनावराला पुढच्या उडीवर न नेणारा जॉकी शहाणा. त्या P मागे श्वासाचा त्रास असेल आणि मधल्या काळात श्वासनलिकेची शस्त्रक्रिया झाली असेल, तर 2018पासून ब्रिटनमध्ये ते कार्डावर छापावं लागतं. शस्त्रक्रियेनंतरची पहिलीच धाव असलेला घोडा मी डोळ्यांआड करत नाही.

हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादतात, म्हणजे सगळे एका रेषेत यावेत. लांब पल्ल्यावर एक पौंड वजन म्हणजे सुमारे एक लेंथ, असा ढोबळ हिशेब. शिकाऊ जॉकीला त्याच्या विजयांच्या संख्येनुसार सात, पाच किंवा तीन पौंडांची सूट मिळते. हात चांगला असलेला, पण सात पौंडांची सूट अजून न संपलेला पोरगा सापडला तर कागदावर सात लेंथ फुकट मिळतात. जमीन हेवी असेल तर वजनाचा काच आणखी वाढतो.

नवख्या घोड्यांच्या शर्यती मी बहुतेक सोडून देते. 2019च्या अल्बर्ट बार्टलेट शर्यतीत मिनेला इंडो एकास पन्नास भावाने जिंकला, आणि दोन वर्षांनी त्याच घोड्याने गोल्ड कप नेला. गुण त्याच्यात होतेच. ते वाचता येण्याइतका मजकूर तेव्हा कार्डावर नव्हता. दिवसाला सात शर्यती असतात. त्यातल्या दोन, फार तर तीन शर्यतींवर मी मत देते. बाकीच्यांत मला इतरांहून जास्त काही दिसत नाही, तेव्हा बोलायचं कशाला?

ज्या शर्यतीवर मत द्यायचं, तिथे आघाडी कोण घेणार याचा नकाशा काढते. पुढे पळायची सवय असलेला एकच घोडा असेल तर तो आपल्या मर्जीने वेग ठेवतो आणि शेवटी हातात दम राखतो. असे तीन-चार असले तर ते एकमेकांना थकवतात आणि मागून येणाऱ्याचं फावतं. यानंतरच भाव बघायचा. दोनास पाच म्हणजे दोन लावले तर पाच नफा, म्हणजे बाजाराच्या मते जिंकण्याची शक्यता सातात दोन, साधारण 29 टक्के. माझ्या हिशेबाने ती 35 असेल तर मत द्यायला अर्थ आहे. 25 असेल तर घोडा कितीही आवडता असो, मी त्याचं नाव पुढे करत नाही. एका शर्यतीतल्या सगळ्या भावांच्या शक्यतांची बेरीज केली तर ती शंभराच्या वर जाते. तो वरचा भाग बुकीचा. आधी तेवढं अंतर भरून काढावं लागतं, आपला फायदा त्याच्या पुढे सुरू होतो. म्हणून रोज प्रत्येक शर्यतीत पैसे लावणारा माणूस कितीही हुशार असला तरी हळूहळू रिकामा होतो.

एक शेवटची गोष्ट सकाळच्या यादीत दिसत नाही. आठ घोडे पळणार असतील तर ‘प्लेस’चे पैसे नेहमीच्या नियमाने तीन क्रमांकांना मिळतात. दुपारी पाऊस वाढला आणि कुणी आपला घोडा मागे घेतला, की उरतात सात आणि क्रमांक होतात दोन. माझा अंदाज तिसऱ्या क्रमांकाच्या आधारावर बेतलेला असेल, तर त्या क्षणी तो कोसळतो. त्यामुळे आठ घोड्यांची शर्यत आणि ढगाळ आकाश असं दिसलं, की शर्यतीला अर्धा तास उरेपर्यंत मी मत देत नाही, आणि कोरड्या जमिनीवरच चालणारा, मागे घेतला जाईल असा कोण आहे, ते आधी शोधून ठेवते.