टीव्ही म्हणाला, राम राम!

तुमच्या घरचा टीव्ही तुमचं ऐकतो का? रिमोटनं चॅनेल बदलणं नव्हे हं! तुम्ही लिहाल तेच तो दाखवतो का? आमच्या टीव्हीनं एकदा माझं ऐकलं होतं. पण त्याआधी मी अख्ख्या आळीची बोलणी खाल्ली.

आमचं वैशाखरे मुरबाड तालुक्यात, नाणेघाटाच्या पायथ्याशी. १९८९ साली आळीत टीव्ही एकच, आमचा, तोही ब्लॅक अँड व्हाइट. दिवाळीत पुण्याहून काका आला. त्याच्या पिशवीत नुसता कीबोर्ड वाटावा असा 'स्पेक्ट्रम' कॉम्प्युटर होता.

"पडदा कुठाय?" मी विचारलं.

"तो काय, कोपऱ्यात!" काका टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाला.

इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीनं १९८२ साली हा कॉम्प्युटर काढला. मॉनिटर महाग, म्हणून घरचाच टीव्ही वापरायचा, ही युक्ती. कॉम्प्युटरमधली एक डबी चित्राचं रूपांतर टीव्हीला कळणाऱ्या लहरींत करते. अँटेनाच्या जागी त्याची वायर खोचली, की टीव्हीला वाटतं, नवं स्टेशनच लागलं! मग ट्यूनिंग फिरवून ते शोधायचं.

शनिवारी रात्री शोधता शोधता मी नेमकं दूरदर्शनचंच ट्यूनिंग हलवलं. रविवारी सकाळी 'महाभारत' बघायला घर गच्च भरलं आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या!

"काय केलंस रं पोरा?" आजोबा कडाडले. काकानं ट्यूनिंग जुळवेपर्यंत निम्मा भाग संपला. आजोबा दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

त्यांना कसं मनवावं? कॉम्प्युटरला मराठी अक्षरं येत नव्हती, पण स्वतःची २१ चिन्हं बनवायची सोय त्यात होती. काकानं चौकटीची वही दिली. एका चिन्हाला आठ आडवी, आठ उभी, अशी ६४ घरं. कुठलं भरायचं, कुठलं रिकामं ठेवायचं, ते ठरवत मी 'र', काना आणि 'म' तयार केले.

संध्याकाळी आजोबांना हात धरून आणलं. पडद्यावर उमटलं, 'राम राम'!

आजोबांनी नकळत हात जोडले. मग हसून म्हणाले, "आजवर ह्यो दावायचा, नि आपुन बघायचो. आज तू सांगितलंस, नि ह्यानं दावलं!"

आता हे फार सोपं झालंय. एचडीएमआयची एक वायर लॅपटॉपला आणि टीव्हीला जोडली, की झालं. अक्षरं जरा मोठी करा, म्हणजे लांबूनही वाचता येतील. पण नुसतं बघत बसू नका. टीव्हीला तुमचं काहीतरी दाखवायला लावा.

आणि हो, आजोबांच्या मालिकेआधी वायर जागच्या जागी, बरं का!