पहाटेची पांझरा

पांझरा नदी खाते, पचवते आणि श्वासही घेते. साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या वरच्या डोंगरांतून निघून, धुळे शहरातून जात ती तापीला मिळते. तिचा जीव असतो पाण्याखालच्या काळ्या दगडांवर. पायाला निसरडा लागणारा तो थर म्हणजे शेवाळ, बुरशी आणि सूक्ष्मजंतूंची भरगच्च वस्ती. ऊन पडलं की शेवाळ अन्न तयार करतं आणि पाण्यात प्राणवायू सोडतं. रात्री ते काम थांबतं. श्वास मात्र शेवाळ, मासे, किडे, गाळातले जंतू असे सगळेच घेत राहतात. म्हणून पहाटे तिच्याजवळ प्राणवायू सगळ्यांत कमी असतो. या चोवीस तासांच्या चढउतारावरून अख्ख्या प्रवाहाची कमाई आणि खर्च मोजता येतो, हे परिसंस्थाशास्त्रज्ञ हॉवर्ड ओडम यांनी 1956 साली दाखवून दिलं.

शेतीशी तिचं वैर कधीच नव्हतं. बंधारा घालून पाटानं पाणी न्यायचं, शिवाराचे फड पाडायचे, एका फडात एकच पीक घ्यायचं आणि पाटकऱ्यानं पाळी सांभाळायची, ही फडपद्धत तिच्या काठी काही शतकं नांदली. काठच्या झाडांची पानं पाण्यात पडत, बुरशी ती मऊ करी, किडे कुरतडत. सावलीतलं ते सावकाश जेवण तिला मानवत होतं.

आता पिकाला न लागलेला युरिया पाझरत तिच्यात उतरतो, मातीबरोबर स्फुरद येतं आणि जिथे काठ उघडे पडले तिथे ऊन थेट तळाला भिडतं. शेवाळ माजतं. भर दुपारी ती हिरवीगार, धष्टपुष्ट दिसते. पण मेलेलं शेवाळ कुजवताना जंतू रात्रभर प्राणवायू ओढतात. त्यात खानदेशचा उन्हाळा. 20 अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना जेमतेम साडेसात. धार आटून डोह उरले की वाहत्या पाण्यात मिसळणारी हवाही तुटते. अशा डोहात पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडतात.

तरी पांझरा अजून सावरू शकते. काठावर करंज-उंबरांचा पट्टा राखला, युरिया एकदम न टाकता पिकाच्या भुकेप्रमाणे हप्त्यांनी दिला, तर तिचा रात्रीचा भार हलका होईल. कुणाच्या शेताला किती पाणी गेलं, हे पाहायला या खोऱ्यानं पाटकरी नेमला होता. आता नदीला किती श्वास उरला, हे पहाटे मोजणाराही गावानंच नेमायला हवा.