गाडी कोणती घ्यावी?

पेठहून लेहपर्यंत मोटारसायकलने जाण्याचे आम्हा दोघा बंधूंचे ठरले. धाकट्याचे मन बुलेटवर जडलेले. 1955 पासून मद्रासला तिची जुळणी होऊ लागली, तेव्हापासूनची तिची कीर्ती. आणि तो धीरगंभीर नाद कोणास आवडणार नाही? मी मामांची बुलेट सावळघाटात गवतावर हलकेच आडवी केली व म्हटले, "उचल पाहू एकट्याने!" दीडशे किलोंहून कितीतरी अधिक भार तो! आणि 5,000 मीटरांहून उंच खिंडीत तर श्वासही अपुरा पडतो. धाकटा निमूट झाला.

मग टाकीचा विचार. तांडीच्या पंपावर 'पुढील पेट्रोल 365 किलोमीटरवर' अशी पाटी कित्येक वर्षे होती. 13 लिटरांत, लिटरला 35 धरले, तरी 455 किलोमीटर होतात. अखेर हलकी, उंच गाडी घेतली. नाद मात्र अगदीच शिलाईयंत्रासारखा!