आपला डोंगर कुठला?

"बाबा, आपला डोंगर कुठला? आणि नदी?"

शुक्रवारची संध्याकाळ. पुण्याच्या टीमबरोबरचा कॉल नुकताच संपला होता आणि लेक वही घेऊन समोर उभी. गोष्ट २०१७ ची. प्रोजेक्टच्या निमित्ताने आम्ही तेव्हा ऑकलंडला होतो, लेक आठ वर्षांची. पुढच्या आठवड्यात तिच्या वर्गाची सहल एका 'मराए'ला जाणार होती. मराए म्हणजे माओरी लोकांचं एकत्र जमायचं ठिकाण, अंगण आणि सभागृह. त्यांची कला, संस्कृती शिकायला ही सहल. त्याआधी प्रत्येकाने आपापला 'पेपेहा' तयार करायचा होता. ही ओळख करून द्यायची माओरी पद्धत. आधी आपला डोंगर सांगायचा, मग नदी, मग आपली माणसं, आणि स्वतःचं नाव शेवटी. आमच्या रेझ्युमेच्या बरोब्बर उलटं :)

"डोंगर शिवनेरी, नदी कुकडी!" मी छाती फुगवून सांगितलं. पिंपळवंडीचा माणूस दुसरं काय सांगणार?

मदतनीस पालक म्हणून रजा टाकून मीही सहलीला गेलो. वाटलं होतं, माहिती ऐकायची, फोटो काढायचे, परत यायचं. पण आम्हाला फाटकापाशीच थांबवलं. मग आतून एका बाईंनी लांबलचक सुरात हाक घातली. ती हाक आल्याशिवाय पाहुण्याने आत पाऊल टाकायचं नसतं. हळूहळू चालत आत गेलो. त्यांचं भाषण, मग आमच्या बाजूचं भाषण, त्यामागोमाग मुलांनी शाळेत पाठ केलेलं माओरी गाणं. मग एकेकाच्या नाकाला नाक टेकवून भेट. बूट काढून सभागृहात बसल्यावर एका आजोबांनी वर बोट दाखवलं. हे घर म्हणजे आमचा पूर्वज, ते म्हणाले. आढं हा त्याचा कणा, वासे या त्याच्या बरगड्या. म्हणजे आम्ही कोरीवकाम बघायला म्हणून आलो होतो आणि बसलो होतो कुणाच्या तरी खापरपणजोबांच्या कुशीत!

मुलांनी आजोबांना प्रश्न विचारले, आजोबांनीही मुलांना विचारले. लेकीने तिचा डोंगर सांगितला. शेवटी सगळ्यांनी एकत्र जेवायचं. सगळे खुशीत होते, मला मात्र घास उतरेना...

मला १९९६ ची आमची सहल आठवत होती.

आठवीचा वर्ग. प्रासंगिक कराराची लाल एसटी, डब्यात चपाती आणि शेंगदाण्याची चटणी, पहाटे पाचला पिंपळवंडीतून निघालो. शनिवारवाडा झाला, पेशवे पार्कातले प्राणी झाले, आणि मग क्वीन्स गार्डनमधलं आदिवासी संग्रहालय. १९६२ साली स्थापन झालेल्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं हे संग्रहालय. वारली चित्रं, तारपा, दागिने, बोहाड्याच्या सोंगांचे मुखवटे. आम्ही वहीत पाट्या उतरवून घेत होतो, कारण त्यावर निबंध लिहायचा होता.

आमच्या वर्गात एक महादेव कोळी मुलगा होता. जुन्नरच्या पश्चिमेकडचा, डोंगरातला. तिकडे पावसावरचं भात, आमच्याकडे बारमाही बागायत. भात निघालं की तिकडची माणसं कांदा लावायला, टोमॅटो तोडायला आमच्याकडे उतरायची. त्याचे आईवडील असेच आले आणि आमच्या शेजारच्या मळ्यात राहिले. पोरगा आमच्या वर्गात आला. सहावीपासून आम्ही एकत्र.

एका काचेमागे इरलं होतं. पावसात भात लावताना डोक्यापाठीवर घ्यायचं, बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं.

"असं इरलं माझा आजा बांधतो," तो म्हणाला. हळूच, पण खुशीत. दिवसभरात पहिल्यांदाच आपण होऊन काही बोलला होता.

आणि मी म्हणालो, "मग तूपण बस की काचेत!"

पोरं खो खो हसली. तोही थोडासा हसला. परतीच्या वाटेवर एसटीत सगळ्यात मागच्या सीटवर खिडकीशी बसून होता. नववीत तो शाळेत आलाच नाही. कारण घरचं असेल बहुधा. पण हे 'बहुधा' मला अजून पुरत नाही.

विचार करा, महादेव कोळ्यांबद्दल शिकायला आम्ही एवढ्या लांब पुण्याला गेलो. आणि इरल्याला कामट्या कशा वाकवतात, पानं कुठली लागतात, हे ज्याला विचारता आलं असतं, तो आमच्याच बाकावर बसून आला होता!

यात काचेचा दोष नाही. वस्तू जपायच्या तर काच लागतेच. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये 'ते माओरी' नावाचं मोठं प्रदर्शन भरलं. तिथेही म्युझियमच होतं. पण वस्तूंबरोबर माओरी वडीलधारी माणसंही गेली होती आणि पहाटे त्यांनी आपल्या विधींनी ते प्रदर्शन उघडलं. आमच्याही वस्तूबरोबर माणूस होता. त्याला मी गप्प केलं.

आणि माझा तो डोंगर! शिवनेरीवर कोळी चौथरा आहे. सतराव्या शतकात मोगलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांना तिथे मारलं, त्याची ती खूण. शाळेच्या प्रत्येक सहलीत आम्ही तिथे जायचो, तोही असायचा. त्या डोंगरावर 'माझा' म्हणून पहिला हक्क कुणाचा, हे ऑकलंडला जाईपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

रात्री लेकीला हे सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्याचा डोंगर कुठला होता?"

माहीत नाही. तीन वर्षं एका वर्गात होतो. डोंगर, नदी राहू दे, त्याचं गाव कुठलं हेसुद्धा मी कधी विचारलं नव्हतं.