खोक्याचा धर्म

लाउडस्पीकर हा मुळात दुतोंडी प्राणी. त्याचा कागदी कोन पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. नुसता टेबलावर ठेवलात, तर पुढची हवा वळसा घालून मागे जाते आणि खर्जाच्या सुरांची तिथल्या तिथे फिट्टंफाट! डग्गा गायब, उरते नुसती तबल्याची चाट. या दोघींमध्ये जी भिंत घालायची, तिचं नाव खोकं. १९२५ साली अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी असल्या कोनाचं शास्त्र मांडलं; तेव्हापासून जगभरचे हौशी लोक खोकी ठोकताहेत. त्यांत मीही एक.

माझा आठ इंची स्पीकर वडिलांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओतला. कॅबिनेट वाळवीने खाल्लं, कोन मात्र शाबूत. सनईही त्यानंच वाजवायची आणि नगाराही. हल्लीसारखे खर्जाला एक, तारसप्तकाला दुसरा, असे नोकरचाकर नाहीत.

सल्लागार भरपूर. एक म्हणाला, "माठात बसव." हा सल्ला हसण्यावारी नेऊ नका. माठाला सपाट भिंतीच नसतात, मग थरथरणार काय? इंग्लंडच्या ब्रिग्जसाहेबांनी तर प्लायवुडच्या दोन फळ्यांमध्ये वाळू भरली होती. हे ऐकून सौ. म्हणाली, "त्यापेक्षा माती भरा, निदान तुळस तरी लागेल."

जुन्या स्पीकरचं लोहचुंबक बेताचं. कोनावर त्याचा वचक कमी. लहान बंद खोक्यात कोंडला की तो घुमायला लागतो. माणसाचंही तेच, वय झालं की हवा जास्त लागते. म्हणून १८ मिलिमीटरच्या प्लायवुडचं ऐसपैस खोकं, मागची बाजू उघडी. सुतारानं विचारलं, "साहेब, देव्हारा की खुराडं?"

खोक्याचा धर्म एकच : आपण गप्प बसायचं आणि दुसऱ्याला बोलू द्यायचं. संसारात हे ज्याला जमलं, त्याला सुतारकाम अवघड नाही.

आई चौऱ्याऐंशीची. नव्या स्पीकरवर तिला धमधम तेवढी ऐकू येते, शब्द निसटतात. या म्हाताऱ्या कोनाला खर्ज बेताचाच. पण माणसाचा आवाज तो नेमका सांगतो. विविध भारती लावली. आई थोडा वेळ ऐकत राहिली, मग म्हणाली, "ही बाई काय म्हणते ते कळतंय की रे!"

आता खोकं तिच्या खोलीत असतं. वर तिचा चष्मा आणि जपमाळ. गाणं कितीही मोठ्यानं लागलं तरी एक मणी हलत नाही.