चिवल्याच्या वाळूवर

गेल्या पौषात अण्णांना घेऊन मी मालवणला गेलो, तेव्हा माझ्या पिशवीत वाटणीचे कागद होते. कोल्हापुरातील आमचे गुळाचे अडत दुकान आजोबांनी उभारले, अण्णांनी वाढविले. आणि आम्ही दोघे भाऊ ते कसे विभागावे या प्रश्नावर वर्षभर एकमेकांशी अबोला धरून होतो. निवांत जागी अण्णांची सही घ्यावी, एवढाच माझा हेतू होता. मुलाला अखेर बापासाठी सवड झाली, असे त्यांना वाटत असावे, या समजुतीने मी आतून ओशाळलो होतो.

सकाळी धक्क्यावरून होडीने सिंधुदुर्ग गाठला. १६६४ साली शिवछत्रपतींनी कुरटे बेटावर या किल्ल्याची उभारणी आरंभिली. चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे व पायाचे ठसे अण्णांनी भक्तिभावाने पाहिले. पण ते रेंगाळले विहिरींपाशी. दूधबाव, साखरबाव, दहीबाव! “चहूकडे खारे पाणी आणि आत गोडे,” असे ते दोनदा म्हणाले. गुळाच्या व्यापाऱ्याला गोडीचे अप्रूप असायचेच, म्हणून मी हसलो.

दुपार कलल्यावर चिवल्याच्या किनाऱ्यावर आलो. गावाला लागूनच असलेला हा चिमुकला, चंद्रकोरीसारखा किनारा. मागे माडांची रांग, समोर संथ पाणी. इतर मंडळी सूर्यास्ताची वाट पाहत होती. आम्ही सूर्यास्तापूर्वी जेवणारे. म्हणून वाळूतच डबा उघडला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि घरचा गूळ.

तेवढ्यात रापण ओढण्यास प्रारंभ झाला. होडीने समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडलेल्या लांबलचक जाळ्याचे दोर दोन रांगांतील माणसे काठावरून ओढीत होती. मासळी किनाऱ्याला येणार हे जाणून मी उठू लागलो. अण्णांनीही नजर पाण्यावरून काढली, पण हात धरून मला बसविले.

“तिकडे आपल्याला पाहवायचे नाही. माणसांकडे पाहा. एका रांगेने घाई केली तर जाळे वाकडे होते. म्हणून प्रत्येक रांगेचे कान दुसऱ्या रांगेच्या हाकेकडे आहेत.” थोडे थांबून ते म्हणाले, “पिशवीतले कागद काढ.”

त्यांना पहिल्यापासून ठाऊक होते! त्यांनी चष्मा लावून प्रत्येक पान वाचले, व्यवस्थित घडी घातली आणि परत दिले. “हिशेबात चूक नाही. पण हा एकाच टोकाने ओढलेला दोर आहे. दोघे समोर बसा. मी त्याच दिवशी सही करीन.”

सूर्य बुडाला. वर्षभरात प्रथमच मी दादाला फोन लावला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग त्याने विचारले, “अण्णा दिवस मावळण्याआधी जेवले ना?”

वाटणी पाडव्याला झाली. दुकाने दोन झाली, गिऱ्हाइके वाटली गेली, काही बाबतींत मला माझा हट्ट सोडावा लागला, काही बाबतींत दादाला. मात्र सही करताना अण्णांच्या एका बाजूस तो बसला होता, दुसऱ्या बाजूस मी. आणि त्यांच्यासमोरच्या वाटीत गुळाचा खडा होता.