एक किलो तांदूळ

चंद्रपूर जिल्ह्यात पोंभुर्ण्याकडे बाईच्या अंगातली ताकद कोणी वेगळी मोजत नाही, ती कामात धरलेलीच असते. बोअरिंगवरून आणलेला पाण्याचा गुंड, जंगलातला जळणाचा भारा, तेंदूच्या हंगामात पहाटेपासून तोडलेली पानं, आणि पावसाळ्यात धानाच्या बांधीत दिवसभर वाकून केलेली रोवणी. अशा बाईला कॅन्सर निघाला की घरचे आधी तिच्या हातातलं काढून घेतात. गुंड सून उचलते, भाऱ्याचं नावच निघत नाही, पाण्याचा पेलासुद्धा बाजेवर आणून दिला जातो. ही माया खरी असते. तिच्यापायी बाईच्या मांड्या वाळतात, हेही तितकंच खरं.

आमच्या मोठ्या आईला स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, मग दर 21 दिवसांनी नागपूरला किमो. निम्म्या किमो होईपर्यंत ती न्हाणीत उकिडवी बसली की चौकट धरल्याशिवाय उठेना. आधी उजवा हात चौकटीवर, मग डावा गुडघ्यावर, मग थोडं थांबून एक झोका घ्यायचा आणि उभं राहायचं. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, किमो गरम पडते. औषधाचा दोष होताच. पण तोंडाची चव गेलेली, जेवण अर्ध्यावर आलेलं, उलटी थांबावी म्हणून किमोसोबत जे स्टेरॉइड देतात तेही जास्त काळ घेतलं तर मांड्यांचे स्नायू ढिले करतं, आणि या सगळ्यावर दिवसभर बाज. आजारी माणूस पडून राहिला की स्नायू किती लवकर झिजतात, ते पाहिल्याशिवाय पटत नाही. “मले पांगळी समजून रायले का तुमी?” असं ती एकदा चिडून म्हणाली. आम्ही तसंच समजत होतो.

किमोत व्यायाम करवला तर काय होतं, हे पाहायला कॅनडात केरी कोर्नेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किमो चालू असलेल्या 242 स्त्रियांवर एक अभ्यास केला; तो 2007 साली छापून आला. काहींना नेहमीचे उपचार, काहींना सोबत सायकल-चालण्यासारखा व्यायाम, आणि काहींना आठवड्यातून तीनदा देखरेखीखाली वजनं उचलायला लावली. वजनं उचलणाऱ्यांची ताकद आणि स्नायू वाढले, यात नवल नाही. नवल पुढे आहे. किमोत रक्तातल्या पेशी कमी झाल्या की डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा तारीख पुढे ढकलतात. नेहमीच्या उपचारांवरच्या स्त्रियांना ठरलेल्या मात्रेच्या सरासरी 84 टक्के औषध मिळालं, वजनं उचलणाऱ्यांना जवळपास 90 टक्के. असं का झालं, याचं पक्कं उत्तर त्या अभ्यासातून निघालं नाही. थकवा मात्र म्हणावा तसा कमी झाला नाही. व्यायामाचे गोडवे गाणारे हे दुसरं वाक्य सहसा गाळतात.

ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हाताने काही उचलू नको, हात सुजेल, ही भीती आपल्याकडे घट्ट आहे. अमेरिकेत कॅथरिन श्मिट्झ यांनी आधीच हात सुजलेल्या 141 स्त्रियांपैकी साधारण निम्म्यांना हळूहळू वाढवत वजन उचलायला लावलं होतं. 2009 साली निष्कर्ष आला की सूज त्यामुळे वाढली नाही. यातला ‘हळूहळू’ फार महत्त्वाचा.

मग मोठ्या आईचं काय? ‘सकाळी फिरायला जा’ हा शहरी सल्ला आमच्या भागात जरा जपूनच द्यावा लागतो. पहाटे पांदीवर वाघाच्या पायाचे ठसे दिसतात तिथे मॉर्निंग वॉक म्हणजे वेगळाच उपचार व्हायचा. बागेतल्या ओपन जिमवर लुगडं नेसून, डोक्याला रुमाल बांधून चढेल अशी बाई मला अजून भेटायची आहे. तुकडोजी महाराजांनी खेड्यातल्या माणसाला व्यायामाचं महत्त्व सांगितलं, गुरुदेव सेवा मंडळं गावोगाव आहेत. महाराज स्वतः 1968 साली कर्करोगानेच गेले, आणि नागपूरच्या एका कर्करोग रुग्णालयाला त्यांचंच नाव आहे. तरी व्यायाम म्हटलं की अजून आमच्या डोळ्यांपुढे लंगोट कसलेला पोरगाच येतो.

डॉक्टरांना विचारून आम्ही घरातच मांडलं. प्लास्टिकची खुर्ची भिंतीला टेकवून त्यावरून हात न टेकता उठायचं-बसायचं, जमेल तितक्यांदा. एक किलो तांदूळ पिशवीत बांधून कोपरातून वर-खाली. भिंतीला तळवे लावून ढकलायचं. किमोनंतरचे पहिले काही दिवस फक्त अंगणात फेऱ्या. ताप असला, पेशी फार उतरल्या, चक्कर आली की बंद. ज्यांच्या हाडात आजार गेलाय त्यांनी तर हे आपल्या मनाने करूच नये. तिला पहिल्या दिवशी हसू आलं. पोतं उचललेल्या बाईला किलोभर तांदूळ!

पण मजुरीत आणि यात फरक आहे तो इथेच. बांधीतलं काम अंगाला विचारत नाही. पऱ्हे उपटून झालेत, पाणी आहे, रोवणी आजच व्हायची. किलोभर तांदूळ आज नाही जमला तर उद्या. जन्मभर कामाच्या मापाने अंग चालवलेल्या बाईला अंगाच्या मापाने काम देणं हे नवं होतं, आणि तिला ते आळशीपणाचं वाटे.

आता ती चौकट न धरता उठते. त्यामुळे नवं भांडण उभं राहिलंय. पाऊस पडला, पऱ्हे वर आले, आणि तिला रोवण्याला जायचंय. लेक म्हणतो, पायही ठेवायचा नाही. ती म्हणते, निदान अर्धा दिवस. माझं मत विचाराल तर अजून चिखलात उतरू नये. एक किमो बाकी आहे, पेशी कधी उतरतील सांगता येत नाही, आणि बोटाला साधं खरचटलं तरी महागात पडेल. बांधावर बसून मजुरांच्या शिदोरीवर लक्ष ठेवायला काय हरकत आहे? हे मी तिला सांगितलं. शिदोरी राखायला कुत्रं बसवा, म्हणाली.